चारपैकी चार

९ सप्टेंबर, सोमवार

पिन तुटली. एकोणीस लाख चार हजार पावलांवर. हवी आहेत तीस लाख.

दहा मिलिमीटर जाड, करंगळीएवढी लांब. सगळा कृत्रिम गुडघा तिच्याभोवती फिरतो. बाकीचं सगळं — कार्बनची नळी, तेलाचा दट्ट्या, मांडीची वाटी — उत्तम आहे, देखणं आहे आणि निरुपयोगी आहे. चालताना पिन तुटली की माणूस पडतो.

सालाईंनी आम्हा पाच जणांना खोलीत बोलावलं. गटप्रमुख असूनही त्यांचा चेहरा कायम कुणीतरी नुकतंच रागावल्यासारखा. "१३ डिसेंबर! तोवर तीस लाख झाली नाहीत तर व्हिएन्नाचे मालक गट बंद करणार. पाचही जण घरी." मग बाकीचे गेल्यावर दार लावून, हळू आवाजात: "तिमेआ, पिन तुझी आहे." हे मला माहीत होतं. दार कशाला लावलं?

पोलाद तेच ठेवायचं. बदलायचं ते भट्टीतलं: किती तापवायचं, किती वेळ, विझवल्यावर पुन्हा मंद आचेवर किती. वीसेक चाचण्या लागतील. एकीचा निकाल हातात आल्याशिवाय पुढची ठरवता येत नाही.

घरी येऊन हिशेब केला. नव्या मानकानुसार विकासातल्या प्रत्येक चाचणीला आधी योजना, अपेक्षित निकाल, धोक्यांचा तक्ता, सात सह्या. सरासरी सोळा कामाचे दिवस. १३ डिसेंबरपर्यंत कामाचे दिवस आहेत अडुसष्ट. म्हणजे चार चाचण्या. आणि पाचवीचा पाव.

११ सप्टेंबर, बुधवार

मानकाचं प्रशिक्षण. तीन तास. डॉ. वेर्तेशी स्वतः. गुणवत्ता विभागात येऊन त्यांना दीड वर्ष झालं. या दीड वर्षात कारखान्यातल्या एकाही गरम वस्तूला त्यांचा हात लागलेला नाही. मधल्या सुटीत पोगाचा — खारी पावटी — खातानासुद्धा कागदात गुंडाळून, दोन बोटांत धरून.

मी विचारलं, "निकाल आधीच माहीत असेल तर चाचणी कशाला करायची?"

"निकालाचा अंदाजच नसेल, तर परवानगी कशाच्या आधारावर द्यायची?"

पुढच्या रांगेत दोघांनी हे वाक्य लिहून घेतलं!

बाहेर पडताना सालाई हळहळले. "आमच्या वेळी सकाळी कल्पना सुचायची आणि दुपारी ती भट्टीत असायची." त्यांच्या वेळची एक वही मी पाहिली आहे. ‘चांगलं लाल झालं की काढणे.’ कुणी, कधी, किती अंशांवर — काही नाही. त्या वहीतली एक उत्तम स्प्रिंग पुन्हा कुणालाच करता आली नाही. एका बाजूला हे, दुसऱ्या बाजूला वेर्तेशी. मध्ये उभं राहायला जागा नाही.

१७ सप्टेंबर, मंगळवार

भट्टीघरात गेले. भट्टीवर व्हेंदेलकाका — वय चौसष्ट, एकोणिसाव्या वर्षापासून तिथेच. येत्या मे महिन्यात निवृत्त होतील. दारासमोर वस्तूंची रांग: मांस भाजायची जाळी, कढईची तिवई, एक कुऱ्हाड, स्वयंपाकघरातल्या पाच सुऱ्या.

"काका, या दोन पिना. ८५० अंश, चाळीस मिनिटं."

"फॉर्म?"

"सोळा दिवसांनी मिळेल."

"मग सोळा दिवसांनी ये."

"आणि या सुऱ्या?"

"त्या पॅकिंगमधल्या इर्माच्या. घरचं काम. त्याला कसला फॉर्म?"

मी पिना परत उचलल्या. त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. "इंजिनिअरबाई, तुझं घरचं काही असेल तर आण की. आत्ता घालतो."

"माझ्या घरी काही नाही. भाड्याची खोली आहे."

"आजोबा तरी असतील! द्राक्षं पिळायचा चरक असेल त्यांचा. चरकाला पिना लागतात."

"किती?"

"ते तुझ्या आजोबांना ठाऊक. चरक जुना असला तर फार लागतात."

माझे आजोबा मिश्कोल्त्सला ट्राम चालवायचे. द्राक्षं त्यांनी फक्त दुकानात पाहिली.

फुशी! भट्टी कारखान्याची, गॅस कारखान्याचा, वेळ कारखान्याचा — आणि वस्तू घरची. सगळे करतात, सगळ्यांना माहीत आहे, फाटकावरचा पहारेकरी स्वतः तिवई घेऊन गेला आहे. कारखान्याचंच संशोधन कारखान्यात चोरून करायचं, आणि तेही आजोबांच्या नावाने. इतकं हीन काही मी आजवर केलेलं नाही.

उद्यापासून करणार.

१८ सप्टेंबर, बुधवार

पद्धत ठरली. पिना आणि चिठ्ठी कापडी पिशवीत घालून कपडे बदलायच्या खोलीतल्या त्यांच्या कपाटात ठेवायच्या. दुपारी दोनला पिशवी परत तिथेच. भट्टीघरात जाऊन उभं राहायची मला गरज नाही. तापमानाची रेघ माझ्या पडद्यावर येते, अंशाअंशाने. तिथल्या चकाट्या ऐकायला मला वेळ नाही.

तपासणीसाठी कोपऱ्यातलं जुनं यंत्र — नुसती पिन वाकवत गरगर फिरवणारं. सेकंदाला पन्नास. त्यावर ‘बाद’ असं लाल लेबल आहे, म्हणून गुणवत्ता विभागाच्या यादीत ते नाही. यादीत नाही म्हणून त्याला फॉर्म नाही. दुपारी तीनला सुरू करायचं आणि घरी जायचं; सकाळी ७.४० ला तीस लाख.

कारखान्यातलं एकमेव मोकळं यंत्र, कारण ते बाद आहे.

२६ सप्टेंबर, गुरुवार

सात झाल्या. सगळ्या तुटल्या, पण दर वेळी थोड्या उशिरा. आकडे वहीत — माझ्या वहीत.

वेर्तेशींचा ईमेल: ‘विकासगटाकडून या महिन्यात एकही चाचणी-योजना आलेली नाही. आपण अडचणीत आहात का?’

३ ऑक्टोबर, गुरुवार

योलानमावशी मापं द्यायला आल्या. चाचणीत गुडघा वापरून पाहणाऱ्या नऊ जणांतल्या पहिल्या. डोंगराकडच्या गावांतल्या पोस्टवाल्या. तीन वर्षांपूर्वी लाकडं वाहणाऱ्या लॉरीने डावा पाय गेला, मांडीच्या मध्यापासून. आता पोस्टात खिडकीमागे बसून शिक्के मारतात.

"बसून बसून माझी डुकरीण झाली, पोरी. माझी वाट दुसऱ्या बाईला दिली आहे. ती कुत्र्यांना घाबरते! पत्रं कुंपणावरून फेकते आणि पळते. म्हाताऱ्या बायका बर्फात पेन्शनचे कागद शोधत बसतात."

पिन हातात घेऊन पाहिली. "हिच्यावर मी उभी राहणार? ही तर माझ्या विणायच्या सुईएवढी."

"तीस लाख पावलं टिकेल."

"दोन वर्षांत संपवेन मी ती! पुढची तयार ठेव."

मी हसले नाही, तर त्या म्हणाल्या, "तुला कुणी हसायचा फॉर्म दिला नाही वाटतं."

वसंतात वाट परत हवी आहे त्यांना. खिडकीमागे मरायचं नाही म्हणाल्या.

१४ ऑक्टोबर, सोमवार

सतरावी. ८९० अंश, सत्तर मिनिटं.

गुरुवारी सकाळी ७.४० ला यंत्र फिरत होतं. आठला फिरत होतं. साडेआठला मीच बंद केलं.

पिन कापून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. पुस्तकं सांगतात, साध्या भट्टीत इतकं तापवलं तर पोलादाची कातडी जळते, वरच्या थरातला कार्बन निघून जातो आणि तिथूनच तडा जातो. इथे कातडी साफ! काठापर्यंत एकसारखी. पुस्तकं लिहिणाऱ्यांनी बहुधा एकमेकांची पुस्तकं वाचून लिहिली असावीत.

मग आणखी दोन पिना याच आकड्यांवर, एक गुरुवारी, एक शुक्रवारी. दोन्ही टिकल्या.

सापडलं.

१५ ऑक्टोबर, मंगळवार

आता शोधलेलं शोधायची परवानगी मागायची. चार फॉर्म एकदम भरले. एकदम भरता येतात, कारण पुढची चाचणी आता मागचीवर अवलंबून नाही. अपेक्षित निकाल: पहिली तुटेल, बावीस लाखांच्या आसपास. दुसरी सव्वीस. तिसरी आणि चौथी टिकतील. चारही पहिल्याच फटक्यात टिकल्या तर वेर्तेशींनासुद्धा संशय येईल, म्हणून दोन तुटक्या घातल्या. आकडे माझ्या वहीतून, मोठ्या अधिकृत यंत्राच्या मापाने बदलून.

तीन तासांत चार फॉर्म. मानक सोपं आहे — उत्तर खिशात असेल तर.

१ नोव्हेंबर, शुक्रवार

सुटी. आईबरोबर आजोबांच्या कबरीवर. शेवंती, मेणबत्त्या. आईने विचारलं, "काम कसं चाललंय?" म्हटलं, आजोबांची मदत होते आहे. तिला वाटलं मी श्रद्धाळू झाले.

८ नोव्हेंबर, शुक्रवार

सात सह्या, चार वेळा. अठ्ठावीस. सोमवारी व्हेंदेलकाका अधिकृतपणे भट्टी लावणार, तपासणीवाला दारावरचा आकडा बघत उभा राहणार, मग चारही पिना मोठ्या यंत्रावर. ते सेकंदाला तीनच पावलं टाकतं. साडेअकरा दिवस.

२५ नोव्हेंबर, सोमवार

पहिली: एकवीस लाख ऐंशी हजारांवर तुटली. दुसरी: सव्वीस लाख वीस हजार. तिसरी, चौथी: तीस लाख, तडा नाही.

सालाईंनी मला मिठी मारली. त्यांच्या कोटाला कोबीच्या भाजीचा वास येतो.

२८ नोव्हेंबर, गुरुवार

वेर्तेशींनी कारखान्यातल्या सगळ्यांना जमवलं. पडद्यावर माझे चार अंदाज आणि चार निकाल, शेजारी शेजारी, हिरव्या चौकटीत. "मानक येण्यापूर्वी या गटाला एका प्रश्नाला तीस-चाळीस चाचण्या लागायच्या. आता? चार! चारपैकी चार अंदाज बरोबर. शिस्तीने विचार केला की भट्टी कमी लागते."

टाळ्या. मला उभं राहावं लागलं.

मग व्हिएन्नाचं पत्र वाचून दाखवलं. नववर्षापासून कुठल्याही प्रकल्पाला चारपेक्षा जास्त चाचण्या मिळणार नाहीत. चार पुरतात हे सिद्ध झालं आहे.

मी सिद्ध केलं आहे.

हसू येत होतं. दाबलं. भिंतीशी व्हेंदेलकाका टोपी हातात घेऊन उभे होते. ते खुशाल हसत होते.

३ डिसेंबर, मंगळवार

उद्या व्हिएन्नाचे लेखापरीक्षक. माझ्या खणात फुशीच्या तीन पिना उरल्या होत्या. काकांच्या कपाटात ठेवल्या, चिठ्ठीवर लिहिलं: ‘घेऊन जा. कुठेतरी टाका.’

४ डिसेंबर, बुधवार

फाटकावर झडती! परीक्षक आलेत म्हणून पहारेकऱ्याला अचानक कर्तव्य आठवलं. व्हेंदेलकाकांच्या पिशवीत, पाव आणि डुकराच्या चरबीच्या डब्याखाली, तीन पिना. जाळी नेली असती, तिवई नेली असती, कुणी विचारलं नसतं. पण या पिना गुडघ्याच्या आराखड्यातल्या.

पावाच्या पिशवीत! खिशात घालता आल्या असत्या. बुटात घालता आल्या असत्या.

चिठ्ठी त्यांनी जाळली होती. तेवढं तरी.

५ डिसेंबर, गुरुवार

चौकशी. वेर्तेशी, सालाई, मी. काका टोपी मांडीवर घेऊन. पिना टेबलावर, कागदी रुमालावर.

"हे काय आहे?"

"पिना."

"कशाच्या?"

"चरकाच्या."

"कुणाच्या चरकाच्या?"

"माझ्या. तुम्हाला वाइन हवी असेल तर सांगा, डॉक्टरसाहेब. यंदा आंबट आहे."

वेर्तेशी माझ्याकडे वळले. "या विकासाच्या पिना आहेत का?"

मी म्हटलं, "आकार तसा आहे. पण नोंदीतल्या सगळ्या पिना जुळतात."

दोन्ही वाक्यं खरी होती. काकांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मग खिडकीबाहेर.

६ डिसेंबर, शुक्रवार

सकाळी प्रत्येकाच्या टेबलावर गुणवत्ता विभागाकडून चॉकलेटचा मिकुलाश, सहा डिसेंबरचा नाताळबाबा. अकरा वाजता व्हेंदेलकाकांना काढल्याचा कागद फलकावर. निवृत्तीला पाच महिने होते.

मी बोलले असते तर: चारही फॉर्म रद्द, १३ तारखेला प्रकल्प बंद, पाच जण घरी, योलानमावशी खिडकीमागे. नाही बोलले तर: एक माणूस, पाच महिने. गणित बरोबर आहे.

पुन्हा करून पाहिलं. बरोबर आहे.

११ डिसेंबर, बुधवार

नऊ जणांसाठी पिनांची पहिली खेप. भट्टीवर आता केरेकेश, दाब-यंत्राच्या विभागातून आणलेला, चाळिशीचा. ओळीवर बोट ठेवून सूचना वाचतो. ‘पिना ट्रेवर एकमेकींना न चिकटता ठेवाव्यात.’ एकेक मोजून ठेवल्या. ८९० अंश, सत्तर मिनिटं, एक सेकंद इकडे नाही की तिकडे नाही. आज मी स्वतः उभी राहून पाहिलं. त्या भट्टीत पहिल्यांदाच कुणीतरी कागदाप्रमाणे काम करत होतं.

१३ डिसेंबर, शुक्रवार

प्रकल्प वाचला. सालाई रडले. खरंच रडले.

वेर्तेशींची भेट: आमचा गट ‘विश्वसनीय’ ठरला. म्हणून खेपेची तपासणी संपायची वाट न पाहता गुडघे बसवता येतील. तपासणी सवडीने, जानेवारीत. आपणच मांडलेला नियम त्यांनी आपल्या लाडक्या निकालासाठी वाकवला. मी हरकत घेतली नाही. पिन माझी आहे.

१८ डिसेंबर, बुधवार

योलानमावशींचा गुडघा बसवला. मार्गिकेत इकडून तिकडे सात वेळा चालल्या. आठव्या वेळी काठी भिंतीला टेकवून ठेवली आणि विसरून गेल्या.

"कुत्र्यांना सांग, मी येते आहे."

या वेळी मी हसले. कुणी पाहिलं नाही.

९ जानेवारी, गुरुवार

त्यांचं कार्ड आलं. ‘वाट परत मिळाली. सध्या अर्धी, सोमवार आणि गुरुवार. दोन कुत्री ओळखीची निघाली, तिसऱ्याने चावायचा प्रयत्न केला पण चुकीचा पाय निवडला.’

१३ जानेवारी, सोमवार

खेपेतली पिन शुक्रवारी मोठ्या यंत्रावर लावली होती. आज सकाळी पाहिलं — तुटलेली.

सहा लाख चाळीस हजार.

शक्य नाही. यंत्र वाकडं लागलं असणार. दुसरी लावली.

१५ जानेवारी, बुधवार

पाच लाख वीस हजार.

दोन्ही कापून पाहिल्या. कातडी जळलेली, वरचा पाव मिलिमीटर मऊ, कार्बन नाहीसा. अगदी पुस्तकात आहे तसं. केरेकेशने काहीतरी बिघडवलं! पण नोंद माझ्या पडद्यावर आहे आणि मी स्वतः तिथे उभी होते. आकडे तेच, मिनिटं तीच. सतराव्या चाचणीची रेघ आणि ही रेघ एकमेकींवर ठेवली. एकच रेघ दिसते.

वेर्तेशी: "दोन पिना म्हणजे पुरेसा नमुना नाही. गुडघे परत मागवायचे तर त्याचा फॉर्म आहे. कारण लिहावं लागेल. कारण काय?"

कारण मला माहीत नाही. हे वाक्य मोठ्याने म्हणावं लागलं. सालाई बुटांकडे बघत होते.

भट्टी नीट ओळखणारा एकच माणूस आहे. उद्या रजा.

१६ जानेवारी, गुरुवार

सकाळी आठला व्हेंदेलकाकांच्या अंगणात. डुक्कर मारायचा दिवस निघाला. मोठ्या कढईत पाणी, मार्गितकाकू कोपरापर्यंत हात लाल करून आतडी धुताहेत, शेजारचे दोघे पालिंका, फळांची दारू, पीत उभे. काकांनी मला पाहिलं, सुरी पुसली.

"या, या, इंजिनिअरबाई! काय, नोंदीत सगळं जुळतंय ना?"

"नाही जुळत."

मार्गितकाकूंनी माझ्यापुढे कांद्यांचं टोपलं आणि सुरी सरकवली. मी कांदे चिरत सांगितलं — पिना, केरेकेश, आकडे, जळलेली कातडी. काका ऐकत होते, मांस कापत होते.

"केरेकेशने पेटीत भरल्या होत्या की नुसत्याच ट्रेवर?"

"कुठली पेटी?"

त्यांनी कापणं थांबवलं.

"लोखंडी पेटी. पिना आत, भोवती बिडाचा चुरा ठासून, वर झाकण. चुऱ्यात हवा जाते कुठे? जळायचं ते बीड जळतं, तुझी पिन नाही. घरच्या वस्तू मी नुसत्या कधी घातल्या नाहीत. इर्माच्या सुऱ्या जाळून देऊ का तिला? मला शिकवणाऱ्या उस्तादाने पहिल्या आठवड्यात दाखवलं होतं हे."

"पण अधिकृत चाचणी — त्यात पेटी नव्हती. सूचनेत ट्रे लिहिलं होतं."

"पेटी ट्रेवरच होती की. तपासणीवाला दाराबाहेरचा आकडा बघत होता, आत कुठे बघतो?"

"मला का नाही सांगितलंत?"

"तू विचारलंस कधी? तू कपाटात पिशवी ठेवायचीस." मग, जरा नरमून: "पोरी, मला वाटलं, एवढं शिकलेली आहे, पेटी माहीत असणार."

सतरा चाचण्या. अंश लिहिले, मिनिटं लिहिली. पेटी लिहिली नाही, कारण मी एकदाही तिथे उभी नव्हते. कागदावर जे उरलं, ते पिन जाळायची कृती होती. केरेकेशने ती तंतोतंत पाळली.

शेजाऱ्यांपैकी कुणीतरी म्हणालं, आज पोस्टवाली उशीर करते आहे. हे योलानमावशींच्या वाटेवरचं गाव नाही, इथली पोस्टवाली दुसरी. पण आज गुरुवार. सुरी खाली ठेवून तिथूनच फोन लावला.

१७ जानेवारी, शुक्रवार

परत मागवायच्या फॉर्मला सात सह्या लागतात. एकही न घेता नऊही जणांना फोन केले. सात पिना हातात आल्या, दोघांनी पाय काढून ठेवले आहेत. सातांपैकी चार ठीक, दोन पिनांना केसाएवढा तडा. सातवी योलानमावशींची: दहा मिलिमीटरांपैकी साडेसहा फाटलेली.

वही वेर्तेशींच्या टेबलावर ठेवली. सतराही चाचण्या, आणि तीन पिना कुणी कुणाला दिल्या ते. सालाईंनी दार लावून घेतलं. मी उघडून बाहेर आले.

योलानमावशींना काल अंगणातून केलेला फोन एवढाच होता:

"मावशी, आहात तिथेच बसा."

"अगं, मी वाटेवर आहे, चढणीला. इथे कुठे बसू? बर्फ आहे."

"बर्फात बसा."